उंबरठ्यावरचा आश्रयार्थी

जिवाच्या भीतीनें स्वदेश सोडून आलेल्या मनुष्यास पुन्हां मृत्युमुखीं लोटूं नये, हें तत्त्व तोंडानें तरी कोणी नाकारीत नाहीं. वाद आहे तो निराळ्याच ठिकाणीं. असा मनुष्य देशांत येऊन पोंचला म्हणजे त्याचें म्हणणें कायद्यानें ऐकावें लागतें. पण तो उंबरठ्यावरच उभा असेल तर? त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच दार लावून घेतलें, तर त्याचा हक्क मोडला असें म्हणावयाचें, कीं तो हक्क उत्पन्नच झाला नाहीं असें म्हणावयाचें? युरोपांत या एका प्रश्नावर गेलीं कित्येक वर्षें कडाक्याचा वाद चालू आहे. वरवर पाहतां हा वकिलांचा विषय वाटेल. परंतु त्यावर हजारों कुटुंबांचें जगणें-मरणें अवलंबून असल्यामुळें आमच्या वाचकांनींही तो समजून घ्यावा असा आहे.

प्रश्न नवा नाहीं. १९३८ सालीं ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यांत गेल्यावर तेथील ज्यू लोक शेजारच्या स्वित्झर्लंडकडे धांवले. ऑगस्ट महिन्यांत स्विस सरकारनें सरहद्द बंद केली. सेंट गॅलन प्रांताचा पोलीस अधिकारी पॉल ग्र्यूनिंगर यानें मात्र शेंकडों निर्वासितांच्या कागदांवर मागील तारखा घातल्या व ते बंदीपूर्वींच आले असें दाखवून त्यांस आंत घेतलें. याबद्दल १९३९ त त्याची नोकरी गेली, १९४० त न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें, आणि १९७२ त तो दारिद्र्यांत वारला. सेंट गॅलनच्या न्यायालयानें त्यास निर्दोष ठरविलें तें १९९५ सालीं! कायद्यांत आश्रयार्थ्यास जागा नसली म्हणजे सारा भार एखाद्या सज्जनाच्या सदसद्विवेकबुद्धीवर पडतो, व त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

महायुद्धानंतर ही उणीव भरून काढण्यासाठीं २८ जुलै १९५१ रोजीं जिनीव्हा येथें निर्वासितांसंबंधींचा करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळें ज्याच्या जीवितास वा स्वातंत्र्यास धोका आहे, त्यास त्या धोक्याच्या मुलुखाकडे परत पाठवूं नये, असें त्याचें ३३ वें कलम सांगतें. थेट संकटांतून आलेला मनुष्य परवान्यावांचून शिरला, तरी त्यानें विलंब न लावतां अधिकाऱ्यांपुढें हजर होऊन योग्य कारण दाखविल्यास, केवळ तेवढ्यासाठीं त्यास शिक्षा करूं नये, असें ३१ वें कलम सांगतें. परंतु अशा मनुष्यास आंत घेतलेंच पाहिजे, असें या करारांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. पुढील सर्व झगडा या मोकळ्या राहिलेल्या फटींतून निघाला आहे.

कोणी म्हणेल, कायदेशीर वाटेनें यावें, म्हणजे झालें. पण ती वाट कोठें आहे? व्हिसावांचून प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीस युरोपांत दंड होतो. त्यामुळें तिकिटाच्या खिडकीवरील कारकूनच सरहद्दीवरचा अंमलदार होऊन बसतो. मग व्हिसा मागावा, तर तेंही साधत नाहीं. सीरियांतील अलेप्पो शहरच्या एका कुटुंबानें २०१६ सालीं बैरूत येथील बेल्जमच्या वकिलातींत जाऊन, आश्रय मागतां यावा म्हणून व्हिसा मागितला. तो नाकारला गेला. लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयानें ७ मार्च २०१७ रोजीं निकाल दिला कीं, असा व्हिसा देण्याचें बंधन संघाच्या कायद्यानें राष्ट्रांवर येत नाहीं. तात्पर्य, हक्क सरहद्दीवर आहे, परंतु सरहद्दीपर्यंतचा रस्ता नाहीं.

म्हणून लोक नावांत बसतात व कुंपणें चढतात. ६ मे २००९ रोजीं लिबियाहून निघालेल्या सुमारें दोनशें लोकांस इटलीच्या जहाजांनीं लांपेदूझा बेटाच्या दक्षिणेस भर समुद्रांत अडविलें आणि नांवगांवही न विचारतां ट्रिपोलीस नेऊन सोडलें. त्यांपैकीं सोमालिया व एरिट्रिया येथील चोवीस जणांची तक्रार स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापुढें आली. २३ फेब्रुवारी २०१२ रोजीं न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, जेथें राज्याची सत्ता चालते तेथें राज्याची जबाबदारीही चालते, मग तें ठिकाण भर समुद्रांतलें कां असेना.

उलट २०१४ सालीं मेलिला येथील कुंपणावरून उतरलेल्या दोघां आफ्रिकी तरुणांस स्पेननें तत्काळ परत घालविलें, तेव्हां त्याच न्यायालयानें १३ फेब्रुवारी २०२० रोजीं स्पेनला दोष दिला नाहीं. योग्य दार असतां जमाव करून कुंपण कां चढलांत, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

दाराशीं रीतसर उभे राहणाऱ्यांचें तरी काय झालें? चेचन्यांतील कांहीं कुटुंबें बेलारूसमधील ब्रेस्टहून पोलंडच्या तेरेस्पोल नाक्यावर येत व आश्रय मागत. एकजण तर सुमारें तीस वेळां आला. अधिकाऱ्यांच्या टिपणांत मात्र ‘हे कामधंद्यासाठीं आले’ अशी नोंद होई, आणि त्यांस परतीच्या गाडींत बसविण्यांत येई. २३ जुलै २०२० रोजीं स्ट्रासबर्ग न्यायालयानें पोलंडला दोषी ठरविलें. एका वाक्याची नोंद करावयाची कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न होता!

सरकारांची बाजूही ऐकली पाहिजे. येणारा प्रत्येकजण खरा निर्वासित नसतो, आणि कोणास आंत घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार कोणतेंही राष्ट्र सोडणार नाहीं. बेलारूसनें २०२१ पासून परदेशी लोकांस मुद्दाम सरहद्दीकडे लोटलें, अशी पोलंडची तक्रार आहे. तीस्तव मार्च २०२५ मध्यें त्यानें त्या सरहद्दीवर, बालकें व गर्भवती स्त्रियांसारखे अपवाद ठेवून, आश्रयाचे अर्ज घेणें तहकूब केलें. याच पोलंडनें २०२२ सालीं युक्रेनच्या लाखों लोकांस दारें सताड उघडलीं होतीं. महाराष्ट्रास तर याची विशेष जाणीव असावी. कारण १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांस, मुख्यतः बायकामुलांस, आसरा मिळाला होता.

युरोपीय संघानें २०२४ च्या मे महिन्यांत नवे कायदे मंजूर केले व त्यांच्या अंमलासाठीं १२ जून २०२६ ही तारीख ठरविली. त्यांप्रमाणें विनापरवाना आलेल्या मनुष्याची सरहद्दीवर सात दिवसांच्या आंत छाननी व्हावयाची. ज्या देशांतील लोकांस सरासरीनें शेंकडा वीस किंवा त्याहून कमी प्रमाणांत आश्रय मिळतो, त्यांचे अर्ज सामान्यतः सरहद्दीवरच बारा आठवड्यांत निकालांत काढावयाचे. तोंपर्यंत तो मनुष्य देशाच्या भूमीवर असूनही ‘आंत आला नाहीं’ असें समजावयाचें. विनामूल्य कायदेशीर सल्ला व स्वतंत्र देखरेख यांचीही तरतूद आहे, आणि ती कितपत पाळली जाते यावरच या कायद्याचें यश ठरेल.

खरा कोण व खोटा कोण हें निवडावयाचें खरें. परंतु निवड ऐकल्यानंतरच होऊं शकते, आधीं नव्हे. अर्ज नाकारण्याचा अधिकार राज्यास आहे. अर्ज न ऐकण्याचा अधिकार त्यास दिला, तर १९५१ चा करार कागदावर जसाच्या तसा राहील, आणि ज्यांच्यासाठीं तो केला तीं माणसें पुन्हां एखाद्या ग्र्यूनिंगरची वाट पाहत बाहेर उभीं राहतील.