पुराआधी जपा घरातले फोटो

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. त्या वेळी बदलापुरातील अनेक घरांतही उल्हास नदीचे पाणी शिरले होते. त्याआधी २६ जुलै २००५चा पूर या पट्ट्याने अनुभवला होताच. अशा पुरात वाहून गेलेली गादी किंवा फ्रिज पुन्हा घेता येतो. लग्नाचा व्हिडीओ आणि आजीचे फोटो असलेली हार्ड डिस्क मात्र पुन्हा मिळत नाही.

हल्ली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा शहरांतही घरच्या घरी ‘मीडिया सर्व्हर’ उभारणे अवघड राहिलेले नाही. जुना लॅपटॉप घ्यायचा, त्यावर जेलीफिनसारखे मोफत सॉफ्टवेअर टाकायचे आणि फोटो-व्हिडीओंचे फोल्डर त्याला दाखवून द्यायचे. त्याच राउटरला जोडलेल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर ते पाहता येतात. फाइल राउटरमार्फत घरातल्या घरातच फिरते, त्यामुळे इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही.

चित्र अडखळत असेल तर बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असते. पहिले म्हणजे कमकुवत वाय-फाय. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला की बराच फरक पडतो. दुसरे कारण फाइलच्या प्रकारात असते. टीव्हीला तो प्रकार समजत नसेल तर सर्व्हरला चालू व्हिडीओचे रूपांतर करावे लागते आणि जुना प्रोसेसर तापतो. व्हिडीओ एच.२६४ प्रकारात साठवले तर बहुतेक उपकरणांवर ते थेट चालतात.

विजेचा खर्चही फार नाही. १५ वॅट घेणारा लॅपटॉप दिवसरात्र चालला तरी महिन्याला सुमारे ११ युनिट लागतात. अचानक वीज गेल्यास त्याची बॅटरी फाइल बिघडण्यापासून वाचवते. मात्र सतत चार्जिंगवर राहिलेली बॅटरी फुगू शकते. ती अधूनमधून तपासावी आणि फुगलेली दिसल्यास वापर लगेच थांबवावा.

खरा धोका वेगळाच आहे. सर्व्हर आला की सगळे जपले गेले, असा समज होतो. पण एका डब्यात दोन डिस्क ठेवल्या तरी पाणी दोन्हींपर्यंत एकदमच पोहोचते. म्हणून जाणकार ३-२-१ हा नियम सांगतात: एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली १ घराबाहेर. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सर्व्हर माळ्यावर किंवा उंच फळीवर, पण हवा खेळती राहील असा ठेवावा. एक डिस्क दुसऱ्या शहरात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे द्यावी. ती मे महिन्यात, पावसाआधी, एकदा आणून नवे फोटो भरावेत आणि चार-दोन फाइल उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

एवढे करूनही डिस्क भिजलीच तर ती सुरू करून पाहू नये. आत गेलेला गाळ फिरत्या तबकड्यांवर ओरखडे पाडतो आणि उरलीसुरली माहितीही जाते. ती तशीच डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी.