निपलवरची पट्टी

पेण म्हटलं की संपादकांना गणपती आठवतात. मलाही हमरापूर-जोह्याच्या बाजूलाच पाठवलं होतं. तिथल्या कार्यशाळांवर पुष्कळ लिहून झालंय आणि ते त्या कारागिरांना साजेसंच आहे. पण वाटेत, वडखळच्या रस्त्याला, एका टपरीबाहेर मोटरसायकलचं नुसतं चाक मांडीवर घेऊन बसलेले एक वयस्कर मिस्त्री दिसले. टायर नाही, ट्यूब नाही. रिमच्या आतून अंगठा फिरवत ते डोळे मिटून बसले होते. मी थांबलो, आणि हा लेख त्या रिममधल्या रबराच्या पट्टीवरचा झाला.

या पट्टीला रिमटेप म्हणतात; नुसतं ‘पट्टी’ म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. तारांच्या चाकात प्रत्येक तार निपलने, म्हणजे आटे असलेल्या छोट्या नटाने, रिमला आवळलेली असते आणि त्या निपलचं डोकं रिमच्या आत, बरोबर ट्यूबखाली येतं. स्प्लेंडरच्या एका चाकाला अशा ३६ तारा, बुलेटला ४०. म्हणजे हवेने फुगलेली ट्यूब तितक्या धातूच्या डोक्यांवर टेकलेली असते. मध्ये असते ती फक्त ही पट्टी. गाडीच्या किमतीपुढे तिची किंमत नगण्य, आणि बसवल्यावर ती कुणालाच दिसत नाही.

तारांचं चाक जुनं आहे. जेम्स स्टार्लीने १८७४ साली तारा तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या बसवायची पद्धत नोंदवली. डनलॉपचा हवेचा टायर १८८८चा. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेली बुलेट असो की १९९४ची स्प्लेंडर, चाकाची मूळ रचना तीच राहिली. गंमत अशी की या चाकात वजन तारांवर ‘उभं’ राहत नाही. सगळ्या तारा आधीच ताणलेल्या असतात. जमिनीकडची तार वजन आल्यावर थोडी सैल होते आणि चाक फिरलं की पुन्हा ताणते. प्रत्येक फेरीत हे घडतं. त्यामुळे निपल अगदी सूक्ष्म का होईना, हलत राहतं आणि वर ट्यूब घासत राहते.

मिस्त्रींचा अंगठा याच घासण्याचा माग काढत होता. तार आवळताना तिचं टोक कधी कधी निपलच्या डोक्याच्या वर येतं. ते कानशीने घासून सपाट करायचं, मग पुन्हा अंगठा. “डोले फसवतात, बोट नाय फसवत,” ते म्हणाले. त्यांनी मला फाटलेली ट्यूब दाखवली. भोक टायरच्या बाजूला असेल तर खिळा, काच, रस्त्यावरचं काहीतरी. भोक रिमच्या बाजूला असेल तर दोष पट्टीचा. घाईचा माणूस दोन्हीवर सारखाच ठिगळ चिकटवतो, पैसे घेतो, आणि आठ दिवसांनी तीच ट्यूब त्याच जागी पुन्हा फुटते, कारण खालचं टोक तसंच राहिलेलं असतं.

जुनी पट्टी निघाली तेव्हा ती गंजाने तांबूस झाली होती. गाडी मासे विकणाऱ्याची होती. मागच्या क्रेटमधून खारं पाणी रिमवर ठिबकतं, निपलच्या भोकांतून आत शिरतं आणि पट्टीखाली साचून राहतं. खाडीकाठच्या या भागात पावसाळ्याचं पाणी त्यात भर घालतं. तारेच्या ब्रशने गंज खरवडून, फडक्याने पुसून, मिस्त्रींनी नवी पट्टी हातात घेतली.

आधी पट्टीचं भोक रिमच्या वॉलच्या भोकावर आणलं आणि त्यातून स्क्रूड्रायव्हर घातला, म्हणजे पट्टी सरकायची नाही. मग दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना सारखा ताण देत, ती मधल्या खोलगट चरात उतरवली. एका बाजूने जास्त ओढली तर भोक लांबट होतं आणि वॉलच्या मुळाशी निपल उघडं पडतं. पट्टी पिळवटली तर कडेला जाड उभार येतो. चरातून वर चढली तर पंचाईत आणखी मोठी: टायर चढवताना त्याची कड समोरच्या बाजूला त्याच चरात उतरायला हवी, तरच दुसऱ्या टोकाला ती सहज रिमवर येते. चर अडला की टामीवर जोर लावावा लागतो आणि टामीखाली ट्यूब चिरडते. मिस्त्रींनी ट्यूबला शंखजिरं लावलं, किंचित हवा भरली, वॉलच्या समोरून टायर चढवत आणला आणि शेवट वॉलपाशी केला. त्याआधी वॉल आत ढकलून, ट्यूब कडेखाली अडकली नाही ना, हे पाहिलं. या कामात एकही हालचाल वाया गेली नाही. मला हे काम मनापासून सुंदर वाटलं.

पण ते टिकणार कसं, ही काळजी मला तिथेच लागली. रोजच्या गाड्या अलॉय चाकांवर आणि ट्यूबलेसवर गेल्या. तारांची कामं कमी झाली, तशी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणारी माणसंही. दुसरीकडे २०१६ साली आलेल्या हिमालयनसारख्या गाड्यांनी तारांची चाकं पुन्हा तरुणांच्या हाती दिली, कारण खड्ड्यात तारांचं चाक सहसा तडकत नाही, वाकतं, आणि सरळही करता येतं. पनवेल-इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलं, हे इथल्या प्रत्येक दुचाकीस्वाराच्या कंबरेला ठाऊक आहे.

अडचण अशी की या नव्या मंडळींना पट्टी माहीतच नसते. कुणी तिच्या जागी विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळतं. उन्हात तिचा गोंद पाघळतो, ती गोळा होते आणि ट्यूबला चिकटते. कुणी निपलवर सीलंट भरून, वर रुंद टेप ओढून साधी रिम ट्यूबलेस करून घेतं. याची मला खरी भीती वाटते. ट्यूबलेस रिमला आतून एक उंचवटा असतो, जो हवा कमी झाली तरी टायरची कड जागेवर धरतो. ट्यूबच्या जुन्या घडणीच्या रिमला तो नसतो. हवा उतरलेली असताना खड्डा आला तर कड सुटते आणि उरलेली हवा एका दमात जाते. शिवाय पुढे तार आवळायला निपल फिरवलं की सीलंट तुटतं, म्हणून तारा सैल झाल्या तरी कुणी हात लावत नाही. बीएमडब्ल्यूने १९८७च्या जीएस मोटरसायकलवर तारा रिमच्या बाहेरच्या कडेला नेऊन हवेची पोकळी बिनभोकाची ठेवली. तो उपाय खरा, पण ती चाकं महाग.

आणि साधी पट्टीसुद्धा हवी तेव्हा मिळत नाही. मी बसलो असतानाच गोव्याकडे निघालेला एक मुलगा हिमालयनचं पुढचं चाक घेऊन आला, २१ इंची. भोक आतल्या बाजूला, पट्टी वॉलपाशी फाटलेली. टपरीत १७ आणि १८च्या पट्ट्या होत्या.

“काका, हीच ताणून बसवा ना,” तो म्हणाला.

“ताणली तर पातल होते. कोलाड येईपर्यंत फाटेल,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी बाद ट्यूबमधून लांब पट्टी कापली, दोन्ही टोकं सुरीने तासून पातळ केली, म्हणजे जोड जाड होऊन ट्यूबला घासणार नाही, आणि सोल्युशनने चिकटवली. जोड वॉलच्या बरोबर समोर ठेवला. मग मुलाला दोनदा बजावलं: रत्नागिरीत २१ची पट्टी मिळाली की चाक खोलून आधी ही काढून टाकायची, पंक्चर झालेलं नसलं तरी.