अदृश्य अधिपती आणि दृश्य राष्ट्रे

८ मार्च १९८३ रोजी अमेरिकेतील ऑर्लँडो शहरी इव्हँजेलिकल ख्रिस्ती संघटनेच्या अधिवेशनापुढे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी केलेले भाषण पुढे 'दुष्ट साम्राज्य' या दोन शब्दांमुळेच जगाच्या लक्षात राहिले. हे शब्द सोव्हिएत युनियनला उद्देशून होते. भाषणाचा तात्कालिक हेतू मात्र अगदी ऐहिक होता. दोन्ही महासत्तांनी आपली अण्वस्त्रे आहेत त्या संख्येवर गोठवावीत, अशी मागणी त्या वेळी अमेरिकेत जोर धरीत होती आणि चर्चमधील बरीच मंडळी तिच्याकडे झुकत होती. रोमन कॅथलिक बिशपांचे युद्ध व शांतता यांवरील पत्रही त्याच वर्षीच्या मे महिन्यात निघाले. धर्मनिष्ठ मतदारांना या वाटेपासून परावृत्त करणे रेगन यांना अगत्याचे होते. यास्तव क्षेपणास्त्रांच्या मोजदादीचा प्रश्न त्यांनी सत् आणि असत् यांच्या सनातन झगड्यात नेऊन बसविला. अमेरिकेच्या पदरीही वर्णद्वेषासारखी पापे आहेत, याची कबुली त्याच भाषणात होती. पण ती कोणाच्या स्मरणात राहिली नाही. अशा भाषणांतून शत्रूचे नाव तेवढे उरते.

राष्ट्राच्या पाठीमागे एखादी अदृश्य शक्ती उभी असते, ही कल्पना रेगन यांची नव्हे. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिचे सर्वांत स्पष्ट रूप बायबलमधील दानीएलच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात सापडते. इराणचा सम्राट कोरेश याच्या कारकीर्दीचे तिसरे वर्ष. दानीएल तीन आठवडे शोकव्रत पाळून आहे. मांस नाही, मद्य नाही, अंगाला तेलाचा स्पर्श नाही. तैग्रिस नदीच्या काठी त्याला एका तेजस्वी पुरुषाचे दर्शन घडते. तो सांगतो की, तुझी प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली होती. पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला एकवीस दिवस अडवून धरले आणि मीखाएल साहाय्यास आला तेव्हा कोठे माझी सुटका झाली. आता परत जाऊन त्या अधिपतीशी लढावयाचे आहे, आणि तो गेला की ग्रीसचा अधिपती येईल.

'अधिपती' या अर्थी येथे योजलेला मूळ हिब्रू शब्द 'सर' असा आहे. मराठीतील सरदाराशी त्याचे व्युत्पत्तीने काही नाते नाही, पण अर्थाने तो दूरचाही नाही. सेनापती, अंमलदार, प्रमुख असे त्याचे अर्थ होतात. गावाला ग्रामदेवता आणि शिवेला क्षेत्रपाल मानणाऱ्या मराठी मनाला ही कल्पना फारशी परकी वाटू नये. भेद आहे तो असा की, ग्रामदेवतेला नैवेद्य दाखवून प्रसन्न करता येते. दानीएलच्या ग्रंथातील अधिपतीची पूजा नाही आणि त्याच्याशी सौदाही नाही. अनुवादशास्त्र या ग्रंथातील एका जुन्या काव्यात परात्पर देवाने लोकांच्या सीमा आखून दिल्याचा उल्लेख आहे. त्या कशाच्या संख्येप्रमाणे आखल्या, याविषयी पाठभेद आहे. रूढ हिब्रू पाठ 'इस्राएलाच्या पुत्रांच्या' असे सांगतो, तर मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या एका तुकड्यात 'देवाच्या पुत्रांच्या' असे शब्द आहेत. जुने ग्रीक भाषांतरही त्याच बाजूचे आहे. प्रत्येक राष्ट्राला स्वर्गीय दरबारातील एकेक अंमलदार नेमून दिला होता आणि पुढे हे अंमलदार उन्मत्त झाले, अशी समजूत या पाठामागे दिसते.

दानीएलच्या या अध्यायातील खरा पेच मात्र वाचकांच्या सहसा नजरेत भरत नाही. ज्याच्या राज्याचा अधिपती देवदूताची वाट अडवितो तो कोरेश म्हणजे यहुद्यांना बाबिलोनच्या बंदिवासातून मुक्त करून यरुशलेमेस परत जाऊ देणारा राजा. यशयाच्या ग्रंथात त्याला चक्क देवाचा 'अभिषिक्त', म्हणजे 'मसीहा', म्हटले आहे. राजा देवाचा अभिषिक्त आणि त्याच्या राज्याचा अधिपती देवदूताचा शत्रू! म्हणजे ग्रंथकर्त्याच्या लेखी राज्य चालविणारा माणूस एक आणि त्या राज्याला व्यापून राहिलेली शक्ती दुसरी. ही शक्ती चांगल्या राजाच्या काळातही तेथेच असते आणि वाईट राजा मेला म्हणून ती मरत नाही.

ग्रंथाचा काळ पाहिला म्हणजे यातील वेदना अधिक कळते. कथानक इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात घडते. पण त्यातील दर्शनांचा भाग इ. स. पू. १६७ ते १६४ च्या सुमारास सिद्ध झाला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञानेही हेच म्हटले होते. परंपरानिष्ठ ख्रिस्ती मंडळींना हे मत अर्थातच मान्य नाही. ते दिवस ग्रीक वंशाचा राजा चौथा अँटायोकस याच्या जुलमाचे होते. यरुशलेमच्या मंदिरातील वेदी त्याने भ्रष्ट केली. धर्माचरण हाच गुन्हा ठरला. अशा काळी 'ग्रीसचा अधिपती येईल' हे वाक्य वाचणाऱ्याला भविष्याचे कुतूहल नव्हते. एवढी प्रार्थना करूनही सुटका का होत नाही, हा त्याचा प्रश्न होता. वाट अडली आहे, पण प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली, हे त्याला मिळालेले उत्तर. पराभूतांना उभे ठेवण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट होती.

तीच गोष्ट सैन्य बाळगणाऱ्यांच्या हाती गेली म्हणजे तिचे काय होते, हे गोग आणि मागोग यांच्या कथेत पाहावे. यहेज्केलच्या अडतिसाव्या अध्यायात उत्तरेकडून चाल करून येणारा गोग हा मेशेख व तुबाल यांचा 'रोश' अधिपती आहे. हिब्रूत 'रोश' म्हणजे मस्तक, मुख्य. जुन्या ग्रीक भाषांतराने मात्र ते विशेषनाम मानले आणि पुढे नामसाधर्म्यावरून रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे सैबेरियातील टोबोल्स्क असे समीकरण जुळविण्यात आले. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या सटीप बायबलने ते इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत पोहोचविले. वस्तुतः मुश्कू आणि ताबाल ही आजच्या तुर्कस्तानातील राज्ये असुरियाच्या लेखांतून पूर्वीच परिचित झालेली आहेत. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ मधला; टोबोल्स्क वसले १५८७ साली. पण नकाशा एकदा मनात ठसला म्हणजे इतिहासाची तारीख कोण विचारतो!

या मांडणीचा कळस १९७० साली हॅल लिंडसे यांच्या 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' या पुस्तकाने गाठला. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. गोग म्हणजे सोव्हिएत रशिया हे त्यात होतेच. शिवाय दहा शिंगांचे श्वापद म्हणजे युरोपची सामायिक बाजारपेठ, हेही होते. १९८१ साली ग्रीस सामील झाला आणि दहाची भरती पुरी झाली. अनेकांचे श्वास रोखले गेले. १९८६ साली स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि श्वापदाची शिंगे बारा झाली. १९९१ च्या डिसेंबरात गोगच विसर्जित झाला. या मताचे प्रवक्ते खचले मात्र नाहीत. श्वापदाला नवे राष्ट्र मिळाले, एवढेच.

हा धोका चर्चला ठाऊक नव्हता असे नाही. रोम शहर ४१० साली लुटले गेल्यानंतर 'देवाचे नगर' लिहिणाऱ्या ऑगस्टीनने गोग व मागोग ही अमुक एका प्रदेशातील रानटी जमातींची नावे नव्हेत, असे स्पष्ट बजावले होते. त्याच्याही काळी सीमेवरच्या टोळ्यांकडे बोट दाखविणारे होतेच. पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांच्या पत्रातही, झगडा रक्तमांसाच्या माणसांशी नसून सत्ता आणि अधिकार यांच्याशी आहे, असे म्हटले आहे. या वाक्याचा पूर्वार्ध पाळला तर समोरचा सैनिक, कारकून वा शेतकरी शत्रू ठरत नाही. पण तो पूर्वार्धच नेमका गाळला जातो.

विसाव्या शतकात हे वाक्य पुन्हा गांभीर्याने वाचले गेले ते जर्मनीच्या अनुभवानंतर. वंश, राष्ट्र आणि राज्य यांनी सुशिक्षित माणसांची मने कशी झपाटली, हे हेंड्रिक बेर्खोफ या डच धर्मचिंतकाने बर्लिनमध्ये विद्यार्थिदशेत स्वतः अनुभवले होते. पौलाच्या 'सत्ता' म्हणजे आकाशात उडणारी पिशाच्चे नव्हेत. समाजाला धरून ठेवणाऱ्या आणि देवाच्या जागी जाऊन बसणाऱ्या व्यवस्था, असा अर्थ त्याने १९५३ साली मांडला. अमेरिकेतील वॉल्टर विंक यांनी १९८४ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथत्रयीत हा विचार पुढे नेला: प्रत्येक संस्थेला बाह्य देहाप्रमाणे एक अंतरंग असते, ते मुळात चांगले, नंतर बिघडलेले आणि तरीही सुधारण्याजोगे असते. ज्याने एखाद्या कचेरीत वीस वर्षे काढली आहेत त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. तेथील साहेब बदलतात, कारकून निवृत्त होतात, पण त्या जागेची वृत्ती तशीच राहते.

दुसरा प्रवाह याच्या अगदी उलट दिशेने वाहिला. १९९० च्या सुमारास दहा ते चाळीस उत्तर अक्षांशांमधील पट्टा हे सुवार्तेचे मुख्य रणक्षेत्र ठरविण्यात आले; भारत त्यात येतो. या पट्ट्यातील शहरांवर आणि प्रांतांवर प्रादेशिक दुष्टात्म्यांचा अंमल आहे आणि त्यांची नावे शोधून प्रार्थनेने तो मोडावयाचा आहे, असा प्रचार अमेरिकेतील पीटर वॅग्नर व त्यांच्या अनुयायांनी केला. येथील ख्रिस्ती माणसाची यामुळे विलक्षण कुचंबणा होते. ज्या गावात त्याचे आजे-पणजे मातीस मिळाले, त्या गावालाच सैतानाचा किल्ला ठरविणारा नकाशा परदेशातून छापून येतो, आणि त्याबद्दलचा जाब शेजारी विचारतात ते त्याला.

शत्रुपक्षही ही भाषा शिकतोच. १९७९ साली आयातुल्ला खोमेनी यांनी अमेरिकेला 'महासैतान' म्हटले. २००२ साली जॉर्ज बुश यांनी इराणला 'दुष्टतेच्या अक्षा'त बसविले. आज दानीएलमधील 'पारसाचा अधिपती' हा तेहरानच्या राजवटीमागे उभा आहे, असे सांगणारे अमेरिकी उपदेशक पुष्कळ आहेत. यांच्यातीलच अनेकांना डोनाल्ड ट्रंप यांच्यात कोरेश दिसतो. २०१८ साली इस्राएलमधील एका संस्थेने या दोघांची मुखे एकत्र कोरलेली नाणीही काढली. कोरेश इराणी होता.

रेगन यांची गोष्ट सांगावयाची राहिली. १९८८ च्या मे महिन्यात ते मॉस्कोस गेले. गोर्बाचॉव्ह यांच्यासमवेत फिरत असता, हे अद्याप दुष्ट साम्राज्य आहे असे आपणांस वाटते काय, असे एका वार्ताहराने त्यांना विचारले. नाही, ते उत्तरले. ते बोललो तो काळ वेगळा होता. भोवती तीच रशियन माणसे होती.