पायी पाहावे असे नगर

अमुक एक शहर आपण पाहून आलो, असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. थोडी अधिक विचारपूस केली, की त्यांतील बहुतेकांनी ते वाहनाच्या खिडकीतून पाहिले होते असे आढळते. धावत्या वाहनातून इमारतींचे आकार दिसतात. परंतु त्यांच्या सावलीत किती गारवा आहे, ओसरीवर घटकाभर टेकता येते की नाही, वाट कोठे वळते आणि कोठे अडते, हे त्यातून कळत नाही. मुलूख नीट जाणून घेणे याला मराठीत तो 'पायांखाली घालणे' म्हणतात, ते उगीच नव्हे. शहराची पुरी ओळख पटते ती पायांनाच. या दृष्टीने पाहण्याजोगे एक नगर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. ते नगर म्हणजे चंडीगड.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पंजाबची जुनी राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. घरेदारे गमावून आलेल्या लक्षावधी लोकांना आसरा हवा होता, तशीच राज्याला राजधानीही हवी होती. पंडित नेहरूंनी ही राजधानी नव्या भारताच्या आत्मविश्वासाचे प्रतीक व्हावी अशी इच्छा धरली. नगराचा पहिला आराखडा अल्बर्ट मायर या अमेरिकन नगररचनाकाराने केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान-अपघातात मरण पावले आणि पुढे हे काम ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुशिल्पीकडे आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी. मनमोहननाथ शर्मा, उर्मिला चौधरी, आदित्य प्रकाश यांसारखे तरुण भारतीय वास्तुशिल्पी त्यांच्याबरोबर काम करू लागले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले. जेथे हे नगर उभे राहिले, तेथील शेतकऱ्यांना आपली गावे आणि शेते सोडावी लागली, हेही या इतिहासाचे एक अंग आहे. ते विसरता येत नाही.

नगराचे एकक म्हणजे 'सेक्टर'. साधारणपणे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असा हा चौकोन. म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी जाण्यास पाव तास पुरे. वेगवान रस्ते या चौकोनाच्या बाहेरून जातात आणि कोणत्याही घराचे दार त्या रस्त्यांवर उघडत नाही. शाळा, दुकाने, दवाखाना आणि बाग ही सारी आत. मुलाने भरधाव वाहनांचा रस्ता न ओलांडता शाळेत जावे, हा साधा विचार या साऱ्या आखणीच्या मुळाशी आहे. रस्त्यांच्याही पायऱ्या लावलेल्या आहेत. दुसऱ्या नगरांकडे जाणाऱ्या महामार्गापासून घराच्या दारापर्यंत नेणाऱ्या लहान रस्त्यापर्यंत एकेक दर्जा उतरत येतो, आणि हिरव्या पट्ट्यांतून जाणारी वाट ही केवळ पायी चालणाऱ्यांची.

पायी फिरणाऱ्याने आरंभ सेक्टर २२ पासून करावा, कारण नगरातील वस्तीचा हा अगदी पहिला विभाग. येथील विटांची घरे ठेंगणी व साधी आहेत. उन्हाची तिरीप अडवण्यासाठी भिंतींना विटांच्या जाळ्या ठेवल्या आहेत. त्या काळी बांधलेल्या सरकारी वसाहतींत शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, पडवी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर देण्यात आले होते. नगराची थोरवी प्रथम पाहावयाची ती येथे; उंच इमारती मागाहून पाहाव्यात.

उत्तरेस चालू लागले, की सेक्टर १७ लागतो. हा नगराचा मध्यवर्ती चौक. चार मजल्यांच्या एकसारख्या इमारती, त्यांच्या खालून अखंड जाणाऱ्या ओसऱ्या, आणि मधोमध फरसबंदीचे विस्तीर्ण प्रांगण. वाहने बाहेरच थांबवायची आणि आत पायी यायचे, असा येथील नियम. संध्याकाळी म्हातारी माणसे येथे गप्पा मारीत बसतात, मुले कारंज्याभोवती धावतात. काही विकत घेतलेच पाहिजे अशी कोणावर सक्ती नाही. अलीकडे नगराच्या कडेला वातानुकूलित व्यापारसंकुले उभी राहिली, तेव्हापासून येथील वर्दळ पूर्वीसारखी राहिलेली नाही. प्रांगण जागच्या जागी आहे. माणसे मात्र तेथे कमी येऊ लागली आहेत.

जनमार्ग नावाचा रुंद रस्ता ओलांडला, की सेक्टर १६ मधील गुलाबांची बाग लागते. १९६७ साली उभारलेल्या या बागेला डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव आहे. येथून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडेही बागांची एक लांब माळच गेली आहे. पूर्वी येथून पावसाळी ओढा वाहत असे. तो बुजवून वर घरे बांधण्याऐवजी त्याच्या खोलगट पात्रातच झाडे लावून वाटा काढल्या. सेक्टरामागून सेक्टर मागे टाकीत, झाडांच्या छायेतून मनुष्य उत्तरेकडे जातो, तेव्हा समोर शिवालिकाच्या निळसर रांगा दिसू लागतात.

नगराच्या उत्तर सीमेवर उच्च न्यायालय, विधानभवन आणि सचिवालय ही तीन प्रचंड वास्तुशिल्पे उभी आहेत. ती उघड्या सिमेंट-काँक्रीटची आहेत. त्यांच्यावर गिलावा नाही. साच्याच्या फळ्यांचे ठसे भिंतींवर अजून स्पष्ट दिसतात, आणि डोक्यावरून घमेली वाहून नेणाऱ्या मजूर स्त्री-पुरुषांचे श्रम त्यांतून जणू वाचता येतात. न्यायालयावर दुसरे एक भव्य छप्पर छत्रीसारखे धरले आहे. दोहोंच्या मधून वारा खेळतो आणि ऊन खालच्या छपरापर्यंत पोहोचत नाही. सचिवालय सुमारे २५० मीटर लांब असून मजले चढण्यासाठी त्यात उताराची वाटही केलेली आहे. या इमारतींमधील अफाट प्रांगण केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखले होते, आणि त्यासाठी वाहनांचे रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले होते. तेथेच 'उघडा हात' हे शिल्प आहे. ल कॉर्बुझिए १९६५ साली वारले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, हे शिल्प उभे राहिले. वाऱ्याबरोबर फिरणारा हा धातूचा हात देण्यासाठी आणि घेण्यासाठीही उघडा आहे. त्याच्या पायाशी जमिनीत खोल केलेली बैठक आहे. नागरिकांनी तेथे जमून सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा, अशी त्यामागील कल्पना.

२०१६ साली युनेस्कोने या वास्तुसमूहाची जागतिक वारशात नोंद केली. परंतु ज्याच्यासाठी हे प्रांगण आखले, तो सामान्य पादचारी आज येथे क्वचितच दिसतो. १९६६ मध्ये पंजाब आणि हरियाणा ही राज्ये वेगळी झाली, तरी राजधानी एकच राहिली. १९९५ साली मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची सचिवालयाच्या दाराशीच हत्या झाली आणि पहारे आणखी कडक झाले. आज प्रवाशाला ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाच्या सोबतीने ठराविक वेळीच येथे फिरता येते. भीतीचे कारण खरे होते. पण नागरिकांसाठी योजलेल्या जागेपासून नागरिकच दुरावला, हेही तितकेच खरे.

येथून जवळच एक अगदी वेगळी जागा आहे. फाळणीत निर्वासित होऊन आलेले नेकचंद हे बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. पाडलेल्या गावांतील आणि इतरत्र टाकून दिलेले दगड, फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे त्यांनी गोळा केले आणि १९५७ च्या सुमारास राखीव जंगलात कोणाला न सांगता एक उपवन रचण्यास आरंभ केला. नगराच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. ते उघडकीस आले तेव्हा पाडून टाकावे की काय, असा प्रश्न पडला. पण लोकांना ते आवडले आणि १९७६ साली ते सर्वांना खुले झाले. नगराचे रस्ते सरळ, तर येथील वाटा वाकड्यातिकड्या. दरवाजे इतके ठेंगणे, की मोठ्या माणसालाही वाकून आत जावे लागते. २०२५ च्या मार्च महिन्यात रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहने उभी करण्यास जागा व्हावी म्हणून या 'रॉक गार्डन'च्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. तेव्हा अनेक नागरिकांनी पुढे येऊन निषेध केला. भिंत तर गेली. परंतु ही जागा आपली आहे असे मानणारी माणसे नगरात आहेत, हे त्या वेळी दिसून आले.

फेरीची अखेर सुखना तलावाच्या काठी करावी. शिवालिकातून येणाऱ्या ओढ्याला बांध घालून १९५८ साली हा तलाव केला. बांधावरून वाहने जाऊ नयेत असे तेव्हाच ठरले आणि तो नियम आजही पाळला जातो. पहाटे येथे न्यायाधीश आणि रिक्षाचालक, आजोबा आणि नातू एकाच वाटेने चालतात. चंडीगडमध्ये अनेक वर्षे राहून काम करणाऱ्या पिएर जानरे यांच्या अस्थीही त्यांच्या इच्छेनुसार याच पाण्यात विसर्जित करण्यात आल्या.

चंडीगड सुमारे ५ लाख वस्तीसाठी योजलेले होते. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. वाहनेही फार वाढली. त्यामुळे पायी चालणाऱ्याची जागा घेण्याचा मोह दरवर्षी वाढत जाणार. आपल्या खेड्यांत एक शब्द रूढ आहे – वहिवाट. शेताच्या बांधावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या जात-येत असले, की ती वाट सर्वांची ठरते; जाणेयेणे थांबले, की तिच्यावर गवत उगवते आणि एके दिवशी कोणीतरी कुंपण घालतो. शहरातील प्रांगणे, बागा आणि तलावकाठ यांचेही तसेच आहे. ती बांधण्यास थोर वास्तुशिल्पी लागतात. पण राखण्यास रोज तेथून चालणारी साधी माणसेच लागतात.