रंगाखालची भिंत

विलेमस्टाटच्या पोस्टकार्डावर हमखास दिसतात ती हांडेल्सकाड धक्क्यावरची पिवळी, निळी, गुलाबी घरं. घरं जुनी, रंग त्या मानाने अलीकडचे. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाच्या या राजधानीत १८१७ पर्यंत भिंती पांढऱ्याच असत. त्या साली गव्हर्नर किकर्टने हुकूम काढला: पांढऱ्या चुन्यावरच्या उन्हाने डोकं दुखतं, भिंती रंगवा. साहेबांची रंगाच्या दुकानात भागीदारी होती, असं गावात आजही सांगतात. आपल्याकडे कुणालाही ही गोष्ट लगेच पटेल.

१६३४ मध्ये डचांनी हे बेट स्पेनकडून घेतलं ते मिठासाठी आणि खोल बंदरासाठी. लवकरच इथे माणसांचाही बाजार भरू लागला. आफ्रिकेतून आणलेले गुलाम इथून स्पॅनिश वसाहतींत विकले जात. खाली वखार, वर बिऱ्हाड, अशी व्यापाऱ्यांची घरं त्या पैशावर उठली. १७०८ सालची पेन्हा इमारत आजही पुंडाच्या, म्हणजे खाडीच्या अलीकडच्या जुन्या वस्तीच्या, कोपऱ्यावर उभी आहे.

या घरांची घडण मोठी गमतीची. माथ्याची वळणं ॲमस्टरडॅमची, पिवळ्या विटा जहाजाच्या तळाशी भार म्हणून आलेल्या, भिंती मात्र बेटावरच्याच प्रवाळी दगडाच्या. चुन्यात समुद्राची वाळू कालवलेली, म्हणजे मीठ भिंतीतच मुरलेलं. ते ओल धरतं, वर येतं आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. ज्या मिठासाठी डच आले, तेच त्यांची घरं आतून खातं.

खाडीपलीकडची वस्ती ओत्रोबांदा; पापियामेंतू भाषेत त्याचा अर्थच ‘पलीकडची बाजू’. १८८८ मध्ये दोन्ही काठ तरंगत्या एम्मा पुलाने जोडले. टोल फक्त बूट घातलेल्यांना, अनवाणी माणसाला माफ. गरीब लोक उसने बूट घालून ऐटीत पैसे भरत आणि श्रीमंत बूट काखोटीला मारून फुकट जात, असा किस्सा आहे.

मग तेल आलं. १९१८ मध्ये शेलचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला नि शहराचं पोट त्यावर चालू लागलं. ३० मे १९६९ला मजुरीच्या तंट्यातून निघालेला कामगारांचा मोर्चा पुंडाकडे वळला. पोलिसांच्या गोळीने त्यांचा पुढारी पापा गोडेट जखमी झाला, दोघांचा जीव गेला आणि दोन्ही काठांवरच्या जुन्या इमारती जळाल्या. पोस्टकार्डावर यातलं काही दिसत नाही.

१९९७ मध्ये युनेस्कोने हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मीठ काही भिंतीतून गेलेलं नाही. सिमेंटचा गिलावा केला तर ते आत कोंडून दगड पोखरतं. चुन्याचा केला तर गिलावा झिजतो, दगड वाचतो. मग पुन्हा चुना, पुन्हा रंग.