मखाना मंडळ कोणासाठी?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बिहारसाठी मखाना मंडळाची घोषणा झाली. सप्टेंबरमध्ये पूर्णियात त्याचा प्रारंभही झाला. देशातील बहुतांश मखाना बिहारच्या दरभंगा, मधुबनी, पूर्णिया, कटिहार अशा मोजक्या जिल्ह्यांत पिकतो. २०२२ मध्ये ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात तो उपवासाच्या फराळात आणि अलीकडे चकचकीत पाकिटांत दिसतो. मिथिलेत कोजागरीला नव्या जावयाच्या घरी मखाना धाडण्याची रीत आहे.

पाकिटावर दिसत नाहीत ते त्यामागचे श्रम. या काटेरी पाणवनस्पतीचे पिकलेले बी तळ्याच्या तळाशी जाऊन बसते. मल्लाह समाजातील माणसे बुडी मारून ते चिखलातून वर काढतात. मग ते वाळवायचे, चाळण्यांनी आकारवार निवडायचे, कढईत तापवून दोन-तीन दिवस मुरू द्यायचे, पुन्हा भाजायचे आणि गरम असतानाच लाकडी थापीच्या एका नेमक्या फटक्यात फोडायचे. फटका क्षणभर उशिरा पडला तर लाही फुलत नाही. हे कसब पिढीजात आहे. हंगामात दरभंग्याकडची कुटुंबे त्यासाठी पूर्णिया-कटिहारकडे मुक्काम हलवतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे जुनाच क्रम दिसतो. सोरा, अफू, नीळ: माल बिहारचा, भाव कलकत्त्याचा किंवा लंडनचा. २००६ मध्ये राज्याने बाजार समिती कायदा रद्द केला, तेव्हा खासगी व्यापाराने शेतकऱ्याचे भले होईल असे सांगितले गेले. लिलावावर देखरेख ठेवणारी चौकट मात्र गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

त्यातच पीक आता तळ्यातून उथळ पाण्याच्या शेतात येत आहे. उत्पादनासाठी हे चांगलेच. पण शेत ज्याचे, पीक त्याचे. खंडाने तळे घेणारा मल्लाह तेथे केवळ मजूर उरतो. मखान्याशी निगडित लोकांच्या उत्पादक संस्था उभारू, असे अर्थसंकल्पात म्हटले आहे. यातले ‘लोक’ कोण, हे ठरायला हवे. सरकारी फायलीत शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे जमीन तो. नोकरीची सारी वर्षे मी हीच व्याख्या पाहत आलो. मंडळाच्या नोंदवहीत जमिनीशेजारी तळ्याच्या खंडाचा आणि लाही फोडण्याच्या कसबाचाही रकाना असावा. फोडणाऱ्या यंत्रांचे अनुदान प्रथम याच कुटुंबांच्या गटांना मिळावे, व्यापाऱ्यांच्या गोदामांना नव्हे.