ट्रॅक्टरचे गंजून जाम झालेले ब्रेक कसे सोडवावेत?

मुळशी तालुक्यात, विशेषतः ताम्हिणीच्या बाजूला, पाऊस फार. भातखाचरात चिखलणी करताना छोट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये गाळ-पाणी शिरते. लावणी उरकल्यावर ट्रॅक्टर तसाच उभा राहतो आणि भात वाहून नेण्याच्या वेळी ब्रेक जाम झालेला आढळतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पिन व बुश यांमधील बारीक फट बुजते. अशा वेळी घण मारल्यास बिडाचा ड्रम तडकतो. इंजिनाने हिसके दिल्यास शूवरचे लायनिंग उखडते. म्हणून आधी अडलेला भाग शोधावा, मग जोर लावावा.

पुढील माहिती कोरड्या, ड्रम व शू असलेल्या ब्रेकसाठी आहे. तेलात बुडालेले ब्रेक जाणकार मेकॅनिककडूनच उघडून घ्यावेत.

दोष कोठे आहे?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून किल्ली काढावी. बाकीच्या चाकांना पुढून-मागून उटी लावावी. जाम झालेले मागचे चाक जॅकने उचलून धुरा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

१) ब्रेकची दांडी पेडलपासून सोडवावी. पेडल तरीही घट्ट असल्यास दोष पेडलच्या शाफ्टमध्ये आहे.
२) पेडल मोकळे, पण ड्रमजवळचा आर्म हलत नसल्यास कॅमचा शाफ्ट अडकला आहे.
३) आर्म हलतो, पण चाक फिरत नसल्यास लायनिंग ड्रमला चिकटले असण्याची शक्यता अधिक.

सोडवण्याची रीत

पिन, शाफ्ट व नटांवरील माती वायर ब्रशने काढून गंज सोडवणारे तेल लावावे व रात्रभर मुरू द्यावे. नंतर भाग थोडा पुढे, थोडा मागे असा हलवावा. दांडीचा नट सैल करण्यापूर्वी बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवावेत.

ड्रम निघत नसल्यास शूचे ॲडजस्टर पूर्ण सैल करून लाकडी हातोडीने कडेने हलके ठोके द्यावेत. ड्रमवर ओढबोल्टसाठी आटे असल्यास दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. तेल लायनिंगवर जाऊ देऊ नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसास घातक असते. ती हवेने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी.

कॅम बाहेर काढून रॉकेलने धुवावा, बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. तेलकट किंवा झिजलेले लायनिंग दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे. तेलकट असल्यास ऑइल सीलही तपासावे. काढलेली कॉटर पिन पुन्हा वापरू नये.

जोडणीनंतर

दोन्ही पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे व सारखी ठेवावी. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि उतारावर उलटू शकतो. म्हणून पेडल एकत्र जोडून प्रथम सपाट शेतात, सावकाश व ट्रॉलीविना चाचणी घ्यावी. रस्त्यावरही पेडल जोडलेलीच असावीत.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून

चिखलणीनंतर ट्रॅक्टर धुऊन थोडा चालवावा व ब्रेक हलके दाबून सुकवावेत. दीर्घकाळ उभा ठेवताना पार्किंग ब्रेक न लावता चाकांना उटी लावावी. पंधरा दिवसांतून एकदा ट्रॅक्टर हलवावा. पावसाळ्यापूर्वी बाहेरील सांध्यांना ग्रीस द्यावे. एवढी काळजी घेतल्यास सुगीच्या घाईत ट्रॅक्टर अडून राहणार नाही.